पिठाच्या डब्यातली मतं

१२ नोव्हेंबर १९९९

…आणि दाम्दिन गुआईंचं ते म्हणणं मला आजही पटलेलं नाही. काल थंडीनं बोटं आखडली म्हणून वाद अर्धाच लिहून झोपले होते. तर पुढे. मी म्हटलं, हात वर करून मत घेणं म्हणजे मत घेणंच नव्हे. शेजारी बघतो, सासरा बघतो, प्रमुख बघतो. कोण खरं बोलेल? ते तपकिरीची डबी उघडत म्हणाले, "बघू देत की. बघायलाच तर सभेला यायचं असतं."

दाम्दिन गुआई (वडीलधाऱ्याला मानानं गुआई म्हणायचं) आमच्या तीन नंबरच्या वाडीचे प्रमुख. वाडी नुसती म्हणायची, एकसष्ट कुटुंबांचे गेर, लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, माळभर विखुरलेत, एका टोकाच्या गेरपासून दुसऱ्या टोकाच्या गेरला पोचायला घोड्यावर अख्खा दिवस लागतो. गुआई सामूहिक कळपाचे ढोरडॉक्टर होते. मग कळप मोडला, जनावरं घरोघरी वाटली, राजधानीत तिसरं सरकार आलं, आणि हे मात्र तिथेच. आता त्यांच्या सभेला लोकशाही शिकवायला मी आलेय, वय चोवीस. बाबा दिल्लीच्या वकिलातीत ड्रायव्हर होते तेव्हा सहा वर्षं मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यावर ही फाउंडेशनची नोकरी मिळाली. मॅन्युअल इंग्रजीत आहे, बावन्न पानी. मला जवळजवळ पाठ आहे.

गुआईंना मी आजोबांची गोष्ट सांगितली नाही. इथे लिहिते. अठ्ठावन्न साली आजोबांनी उंट सामूहिक कळपात द्यायला नकार दिला. सभा भरली. ज्यांना हा माणूस नको त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले. त्यात आजीचाही होता. आजोबांना ट्रकमधून नेलं, ते परत आले नाहीत. आजी पुढे तीस वर्षं जगली, पण तो उजवा हात तिनं कधी खांद्याच्या वर नेला नाही. वरच्या फळीवरचं भांडं काढायचं असलं तरी आईला हाक मारायची.

म्हणून मला पडदा पाहिजे, डबा पाहिजे, पेन्सिल पाहिजे. ही माझ्यासाठी नुसती नोकरी नाही.

२० नोव्हेंबर

आज रंगीत तालीम! लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये पन्नास घरचे लोक आले.

डबा त्सेवेल मावशीचा. मी तिच्याच गेरमध्ये राहते. एकटी आहे, नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मुली शहरात. तिनं पिठाचा पत्र्याचा डबा रिकामा करून पुसून दिला, आणि झाकणाला चीर गुआईंनी स्वतः सुरीनं पाडली, तोंडानं कुरकुरत. "चांगल्या डब्याचं वाटोळं," म्हणे. पडद्याला मावशीच्या गोधडीचं कव्हर.

सरावाला प्रश्न काय घ्यायचा? मॅन्युअलमध्ये 'शाळेला कुठला रंग द्यावा' असं आहे, पण आमच्याकडे शाळाच नाही. तेव्हा गुआईच म्हणाले, हे लोक प्रत्येक सभेनंतर मला गायला लावतात, विचारा बघू खरंच ऐकायचंय का. सगळे हसले. मी कागद वाटले. घरटी एक मत, 'हो' किंवा 'नाही' आपल्या हातानं लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायचं.

हो नऊ. नाही एक्केचाळीस.

शेड हादरेल इतका हशा झाला. एक बाई म्हणाली, वीस वर्षं आम्ही डोळे मिटून डुलत होतो ते झोपेनं. गुआई सगळ्यांत जास्त हसले. त्यांनाही मजा वाटली. मला म्हणाले, "पोरी, तुझा डबा खरं बोलतो." बघा! त्यांच्याच तोंडून निघालं.

नंतर चहा झाला, मांस भरून वाफवलेले बूझ झाले. गाणं झालं नाही.

२७ नोव्हेंबर

बर्फ दोनदा पडून वितळलं आणि त्यावर पुन्हा गोठलं. माळाला काचेचं झाकण बसल्यासारखं झालंय. खाली गवत दिसतं, पण मेंढीचा खूर आत जात नाही. मावशी सकाळी बाहेर उभी राहून टाचेनं बर्फ ठोकत होती. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही.

दुपारी मी गुआईंकडे असताना बाहेरून हाक आली, "कुत्रं धरा हो!" अनोळखी माणूस आत आला, मागे त्याची बायको. त्याचं नाव गोम्बो, तिचं चिमगे. दक्षिणेकडच्या प्रांतातले. तिकडे उन्हाळ्यात पाऊसच नव्हता, गवत उगवलंच नाही, म्हणून तीनशे चाळीस शेळ्यामेंढ्या हाकत वीस दिवस चालत आलेत. गोम्बो मूळचा कारखान्यात वेल्डर. कारखाना बंद झाला तेव्हा सासऱ्याच्या मेंढ्या घेऊन हा गुराखी झाला. गुआईंनी तपकिरीची डबी पुढे केली, त्यानं आपली दिली, दोघांनी हुंगल्यासारखं करून परत केल्या.

"हिवाळा सुखात चाललाय ना?" गुआईंनी विचारलं.

"सुखात," गोम्बो म्हणाला. त्याच्या ओठांना भेगा पडून रक्त सुकलं होतं. पण आपल्याकडे दुसरं उत्तरच नाही. जनावरं मरत असली तरी सुखात.

तीन वाट्या चहा झाल्यावर विषय निघाला. उत्तरेच्या खोऱ्यातलं आमचं राखीव कुरण आहे ना, तिथे चाळीस दिवस राहू द्या. खोऱ्याला डोंगराचा आडोसा आहे, तिथलं बर्फ अजून मऊ आहे. चाळीस दिवसांत वारा फिरला तर वाचू, असं तो म्हणाला. चुलीतल्या शेण्या कमी झाल्यासारख्या वाटल्या तेव्हा न विचारता उठून चिमगेनं दोन टाकल्या.

गुआई म्हणाले, सभा ठरवेल. आणि मला आतून इतका आनंद झाला की लाज वाटली. खराखुरा प्रश्न! खरं मतदान!

३ डिसेंबर

गुआईंशी पुन्हा खटका. त्यांचं म्हणणं, जुन्या पद्धतीनं करू. गोम्बो आणि बायको दाराजवळ बसतील, लोक बोलतील, हात वर करतील. मी म्हटलं, पान चौदा: ज्याचा हितसंबंध आहे त्यानं मतदानाच्या वेळी बाहेर थांबावं. नाहीतर लोकांवर दबाव येतो.

"कसला दबाव?"

"त्यांचे चेहरे समोर असतील ना."

गुआईंनी तपकिरीची डबी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्यांना आत बसू दे, पोरी. एवढं ऐक." त्यांनी इतक्या मऊ आवाजात कधी सांगितलं नव्हतं, पण नियम तो नियम. आज एकाला सवलत दिली की उद्या दुसऱ्याला. मी आजोबा आठवले आणि नाही म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. "तुमचं पुस्तक तुम्हाला माहीत," म्हणाले. पहिल्यांदाच मला 'तुम्ही' म्हटलं.

४ डिसेंबर

झालं. सगळं नीट लिहायला हवं, रिपोर्टला लागेल.

अठ्ठावन्न घरं आली, तीन येऊ शकली नाहीत. उपस्थिती पंच्याण्णव टक्के! गोम्बो आणि चिमगे पन्नास पावलांवर, गुआईंच्या गेरमध्ये थांबले.

आधी चर्चा. नऊ जण बोलले. एकही विरोधात नाही. गवत आभाळाचं, आपण कोण देणारे. माझ्या बापाला एकसष्ट साली परक्या वाडीनं जागा दिली होती. वाटेवरच्या माणसाला कुणी 'पुढे जा' म्हणतं का. एक म्हातारी तर डोळे पुसत होती. मला वाटलं, निकाल ठरल्यासारखाच आहे, डबा नुसता शोभेला.

मग एकेक जण पडद्यामागे. रांगेत तालमीच्या दिवशीसारखी थट्टा नव्हती. मी मनात म्हटलं, लोक गंभीर झाले, जबाबदारी कळली. त्सेवेल मावशी सगळ्यांत जास्त वेळ आत होती. बाहेर आली तर पेन्सिलचं टोक मोडलेलं. मी तासून दिली आणि पुढच्याला आत पाठवलं.

मोजणी मी आणि गुआई. हो चौदा. नाही त्रेचाळीस. एक कोरी. एका 'नाही'खाली कागदाला भोक पडलं होतं, तरी मी ती वैध धरली, अर्थ स्पष्ट होता.

आकडा वाचल्यावर कुणीच कुणाकडे बघेना. सगळे आपापल्या बुटांकडे. गुआईंनी विचारलं, त्यांना कोण सांगणार. कुणी उठलं नाही. मला म्हणायचं होतं की निकाल प्रमुखानं जाहीर करायचा असतो, पान एकवीस, पण ते आधीच टोपी घालून निघाले होते.

बऱ्याच वेळानं मी त्यांच्या गेरमध्ये गेले. तिघं चहा पीत होते. गोम्बो आणि गुआई पुन्हा तपकिरीच्या डब्या बदलत होते. जणू काही मागितलंच नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं. चिमगे मला म्हणाली, "लोक पुष्कळ जमले होते ना? आवाज येत होता."

मी हो म्हटलं. मग ती म्हणाली चहा छान होता.

५ डिसेंबर

सकाळी ते निघाले, दक्षिणेला, खिंडीतून पलीकडच्या तालुक्यात विचारून बघणार. आणि काय सांगू, सगळी वाडी निरोपाला! शेण्यांची पोती, गोठवलेलं मांस, सुकवलेल्या दह्याच्या पिशव्या, नमदा. एकानं चक्क घोडा दिला. उंटावर मावेना इतकं सामान. त्सेवेल मावशीनं नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट दिला, ज्याला ती मला हात लावू देत नव्हती. गोम्बोच्या अंगात स्वतः घातला, बटणं स्वतः लावली.

मी विचार करत होते, ज्यांनी 'नाही' लिहिलं ते लोकही यात असतील का? मला नाही वाटत. ते तोंड दाखवणार नाहीत. हे चौदा घरांचंच काम. पण चौदा घरांनी एवढं दिलं?

२२ डिसेंबर

टपालाचा ट्रक आला. मार्गिटचं, म्हणजे फाउंडेशनच्या आमच्या बाईंचं, पत्र. माझा रिपोर्ट त्यांनी मुख्य ऑफिसला पाठवला. 'सत्तर वर्षांच्या हात वर करण्यानंतर एका गुराखी वस्तीचं पहिलं स्वतंत्र नाही.' हे वाक्य त्यांनी रिपोर्टच्या वर मोठ्या अक्षरांत घातलंय. वाक्य माझं आहे.

मावशीला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, थोडं पाणी दे.

९ जानेवारी २०००

तीन दिवस वादळ. दार उघडत नाही. थर्मामीटर उणे शेहेचाळीसला जाऊन थांबला, पुढे रेघाच नाहीत. मावशीच्या अठ्ठ्याण्णव मेंढ्यांपैकी एकवीस गेल्या. उरलेल्या उत्तर खोऱ्यात आहेत, सगळ्या वाडीच्या तिथेच. तिथलं गवत आहे म्हणून निभतंय.

१७ जानेवारी

गोम्बो गेला.

ट्रकवाल्यानं सांगितलं. पलीकडच्या तालुक्यानंही जागा दिली नाही, ते परत फिरले होते. खिंडीत वादळ लागलं. कळप वाऱ्याच्या दिशेनं पळत सुटला, तो त्याच्या मागे गेला. चौथ्या दिवशी सापडला, मेंढ्यांच्या ढिगात, कोट अंगावर, बटणं लावलेली. चिमगे दोन दिवस उंटाच्या कुशीत बसून जगली. तालुक्याच्या दवाखान्यात आहे, बोटं काढावी लागतील म्हणतात.

परत फिरले होते. म्हणजे आमच्याकडे येत होते?

गुआई खबर ऐकून घोड्यावर बसले आणि खिंडीकडे निघाले. मी म्हटलं, या थंडीत, आता काय उपयोग. त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. मावशी चुलीपाशी बसून होती, मी काही बोलायला गेले तर हातानंच गप्प राहा म्हणाली. रात्रीचं जेवण झालं नाही.

मला सारखं पान चौदा आठवतंय.

२४ फेब्रुवारी

उत्तर खोऱ्यातलं गवत आज संपलं. गुआई सांगायला आले होते. वाडीची निम्मी जनावरं वाचली, शेजारच्या वाड्यांची पाचात एक. मी विचारलं, गोम्बोचा कळप असता तर?

"जानेवारीतच संपलं असतं."

"म्हणजे लोकांचं बरोबर होतं?"

ते म्हणाले, "मी तसं कुठं म्हटलं?" आणि तपकीर काढली. डबी वेगळी होती. हिरव्या दगडाची, गोम्बोची. त्यांनी खिंडीतून आणलेली असणार.

१४ मार्च

चिमगे आली. गुआईंनी तिला तालुक्याहून आणलं आणि सरळ त्सेवेल मावशीच्या दारात उतरवलं, कारण मावशीनंच निरोप पाठवला होता. उजव्या हाताची तीन बोटं नाहीत, डाव्याची दोन. माहेरी कुणी उरलेलं नाही. मावशीनं तिला पूर्वेकडचा स्वतःचा पलंग दिला आणि आपण जमिनीवर झोपायला लागली. चिमगे नको म्हणते, मावशी ऐकत नाही.

गेरमध्ये आता आम्ही तिघी. मी तिच्याकडे बघू शकत नाही. तीच मला विचारते, पोरी, चहात मीठ झालं का पुरेसं.

२६ मार्च

रोज कुणी ना कुणी भेटायला येतं. लोणी, मांस, एक जिवंत मेंढी. बसतात, हिवाळा सुखात गेला ना विचारतात, ती सुखात म्हणते. मग निघताना, टोपी हातात घेऊन, जवळजवळ प्रत्येक जण खाली बघून तेच सांगतो. "आमच्या घरचं 'हो' होतं बरं का."

ती दोन्ही हातांनी वस्तू घेते. मान डोलावते.

मी हे लिहायला नको, पण मी मोजतेय. आजपर्यंत एकोणीस घरांनी सांगितलं. हो चौदाच होते.

११ एप्रिल

एकतीस.

खोटं बोलतात म्हणून मला राग यायचा. आता येत नाही. काल जो आला होता, घोडा देणारा, तो सांगताना रडला. खोटं बोलताना माणूस असा रडतो का? की आता त्यांना खरंच तसं आठवतंय?

एक मात्र आहे. त्सेवेल मावशी चिमगेला कधीच काही सांगत नाही. महिनाभर तिच्यासाठी एवढं करते, पण 'माझं हो होतं' एवढं शब्दानं नाही. तिला स्वतःचं चांगुलपण मिरवायला आवडत नाही. चौदांतलं एक तिचं असणार, यात मला शंकाच नाही.

चिठ्ठ्या अजून माझ्याकडे आहेत, ट्रंकेत, पाकिटात. सहा महिने ठेवायच्या असा नियम. माणसांच्या हातचं अक्षर आहे. ठरवलं तर कोण कुठलं ते काढता येईल.

१८ एप्रिल

आज मी चिमगेला ते सांगून टाकलं. मावशी मेंढ्यांकडे होती. म्हटलं, तुम्हाला खरं कळायला पाहिजे, तुमचा तो हक्क आहे, चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत.

ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"किती होते 'हो'?"

"चौदा."

"आणि मला येऊन किती जणांनी सांगितलं?"

"चौतीस."

ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "दाखवू नकोस. मला इथेच राहायचंय. मला सगळ्यांकडून दूध घ्यायचंय."

थोड्या वेळानं म्हणाली, पाकीट दे. मी दिलं. तिनं उरलेल्या बोटांनी चुलीचं झाकण उचललं आणि पाकीट आत टाकलं. नियम मोडला. मी अडवलं नाही. तेवढ्यात मावशी शेण्या घेऊन आत आली, कागद जळताना बघून दारातच थबकली. चिमगे म्हणाली, "जुने कागद, ताई. ऊब लवकर येईल." मावशी शेण्या तशाच हातात धरून उभी राहिली. मग खाली बसली आणि पदरात झाकावा तसा चेहरा बाहीत झाकून रडली. गोम्बोच्या आठवणीनं असेल, कोट तिच्या नवऱ्याचा होता ना.

चिमगेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. उजवा, तीन बोटं नसलेला.

२९ एप्रिल

मावशीची एक मेंढी आपलं नसलेलं कोकरू जवळ घेईना. कोकराची आई मेलेली, मेंढीचं कोकरू मेलेलं. चिमगे तिच्याजवळ बसून 'तोइग, तोइग' म्हणत आळवत होती, जसं सगळे करतात, मेंढीला गाऊन गाऊन माया आणायची. तिचा आवाज बसलेला. तासभर झाला, मेंढी लाथा मारतेच.

मग कुंपणापलीकडून दुसरा आवाज आला. जाडा, सुराला जरा सोडून. दाम्दिन गुआई घोड्यावरून उतरले पण आत आले नाहीत, बाहेर उभं राहूनच गायले. नोव्हेंबरच्या त्या तालमीपासून मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. ते बेसूर गातात, हे खरंय. चिमगे मध्येच थांबली, त्यांना म्हणाली, "थांबू नका, गुआई."

अंधार पडायच्या आत कोकरू प्यायलं.

६ मे

उद्या सभा आहे. एकच प्रश्न: चिमगेला वाडीत घेऊन उत्तर खोऱ्यातला रिकामा हिवाळी गोठा तिला द्यायचा का. एक घर वाढलं म्हणजे पुढच्या हिवाळ्यात तेवढं गवत कमी. तेच खोरं.

मार्गिट येतायत, बरोबर दोन पाहुणे. डबा बघायचाय त्यांना, फोटो काढायचेत. पण डब्यात मावशीनं पुन्हा पीठ भरलंय, झाकणाच्या चिरेतून ओल लागू नये म्हणून फडकं कोंबलंय. मी मागितला तर काढून देईल. मी अजून मागितला नाही.

गुआईंना विचारलं, हात की डबा. त्यांनी गोम्बोच्या डबीतली तपकीर मला पुढे केली. बाईमाणसाला सहसा कुणी करत नाही. म्हणाले, "पोरी, या वेळी तू सांग. तू सांगशील तसं."

तिला आत बसवून हात वर करायला सांगितले तर सगळे वर जातील, मला माहीत आहे. एकसष्टच्या एकसष्ट. आजोबांच्या वेळीही सगळेच गेले होते. आणि डबा ठेवला तर लोक खरं लिहितील. ते खरं काय असेल ते मला कळायला नको झालंय. आजीचा हात खोटा होता आणि त्रेचाळीस चिठ्ठ्या खऱ्या होत्या. दोन्ही वेळा एक माणूस परत आला नाही.

संध्याकाळी चिमगे दारात बसून उद्यासाठी बूट पुसत होती. डाव्या हातानं, हळूहळू. मी जवळून जाताना तिनं सहज विचारलं, जसं चहात मीठ किती घालू विचारते तसं.

"उद्या मी आत बसू की बाहेर?"

मी म्हटलं, सकाळी सांगते.

ही वही कधी कुणाच्या हाती पडली, तर तुम्हीच सांगा. तुम्ही तिला कुठे बसवलं असतं?